पॅनेलसमोरचा एक मीटर

दिवाळीनंतर खान्देशातल्या बोदवड, धरणगाव, चोपडा भागातल्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांमध्ये, जागेची मारामार सुरू होते. आवारात कापसाच्या गाड्या, शेडमध्ये गाठी आणि सरकीची पोती मिळेल त्या कोपऱ्यात. हा कोपरा बऱ्याचदा विजेच्या मेन पॅनेलपुढचाच असतो, कारण तेवढीच फरशी मोकळी दिसते. वायरमनने हटकलं की ठरलेलं उत्तर येतं, "जागाच कोठे शे भाऊ?" एवढी जागा मोकळी ठेवा, असं सांगायला फरशीवर मारलेला पिवळा पट्टा तोवर पोत्यांखाली गेलेला असतो.

या पट्ट्यामागचा नियम जुना आहे. आपल्याकडे विजेचा पहिला कायदा १८८७ चा, दुसरा १९०३ चा. १९१० चा तिसरा थेट २००३ पर्यंत चालला, आणि विद्युत निरीक्षक नेमण्याची तरतूद त्यात होती. त्याखालचे नियम १९५६ साली नव्याने लिहिले गेले. १९५६ च्या नियमांतला ५१ वा नियम अडीचशे व्होल्टच्या वरच्या यंत्रणेसाठी होता, म्हणजे जिनिंगची थ्री-फेज त्यात आलीच. स्विचबोर्डासमोर, म्हणजे आजच्या पॅनेलसमोर, किमान एक मीटर जागा मोकळी हवी, असं त्यात म्हटलं होतं.

मागच्या बाजूचं कलम खरं वाचण्यासारखं आहे. बोर्डाच्या मागे उघडी जोडणी असेल, तर मागची जागा एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त. मधलं काही चालणार नाही. पहिल्यांदा वाचताना मला ही छपाईची चूक वाटली होती. पण जुना स्विचबोर्ड डोळ्यांपुढे आणा: स्लेटचा किंवा संगमरवराचा उभा फळा, पुढे उघडे नाइफ स्विच, म्हणजे सुरीसारख्या पात्याचे खटके, मागे तांब्याच्या उघड्या पट्ट्या. वीतभर फटीत माणूस शिरतच नाही. अडीच फुटांच्या वर जागा असेल तर शिरतो आणि वळून बाहेरही येतो. मधल्या मापात तो अंग चोरून आत जातो, आणि झटका बसला की मागे सरायला जागा नसते. म्हणून ७५ च्या वर जागा असेल तर बोर्डाच्या दोन्ही टोकांकडून १.८ मीटर उंचीची मोकळी वाटही सांगितली आहे. हे माप यंत्राचं नाही, माणसाच्या अंगाचं आहे.

पुढे पॅनेल पत्र्याच्या पेटीत बंद झाले. आता कशाला हवी जागा, असं वाटू शकतं. १९८२ साली अमेरिकेतले अभियंते राल्फ ली यांनी विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, होणाऱ्या भाजण्यावर निबंध लिहिला, आणि झटक्याइतकाच हा धोकाही चर्चेत आला. आर्क उडाला की माणूस मागे सरतो, आणि मागे पोतं असेल तर तिथेच अडकतो. जिनिंगमध्ये तर हवेत रुईची तुसं असतात, पॅनेलवर त्यांचा थर बसतो. अमेरिकेचा विजेच्या कामाचा कोड, म्हणजे नियमसंग्रह, पॅनेलपुढची ही जागा साठवणीला वापरायची नाही, असं स्वच्छ शब्दांत सांगतो.

खान्देशात हा प्रश्न टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९६० साली राज्य वीज मंडळ आलं, नंतर भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र उभं राहिलं. मोठा फरक पडला २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेने. जुन्या जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाला तिच्यातून मदत मिळाली, मोटारी वाढल्या, पॅनेल लांबले. शेड मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

कायदाही बदलत गेला. २००३ च्या कायद्यानंतर १९५६ चे नियम काही वर्षं चालू राहिले. मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आले, आणि त्यांच्या जागी २०२३ चे. १९५६ च्या नियमांत ग्राहकाच्या यंत्रणेची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी, आणि उच्च दाबाची जोडणी निरीक्षकाच्या मान्यतेशिवाय चालू करायची नाही, असं होतं. नंतर सरकार ठरवेल त्या व्होल्टेजपर्यंत मालकाने आपली यंत्रणा स्वतःच प्रमाणित करायची सोय झाली. म्हणजे जागा मोजायचा टेप आता पुष्कळदा मालकाच्याच हातात असतो.

पॅनेलपुढे पोत्यांची रास असली की दार अर्धंच उघडतं. वायरमन मान तिरकी करतो, खांदा चौकटीला टेकवतो आणि एक हात आत घालून एचआरसी (मोठा प्रवाह तोडू शकणारा) फ्यूज ओढतो. दुसऱ्या हाताने त्याने सरकीचं पोतं धरलेलं असतं, पायावर पडू नये म्हणून.