साखर फोडणारी विकरे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशी मुख्यतः साखरेवर जगत नाही. अन्नातील बहुतेक साखर लहान आतड्यातच शोषली जाते. पुढे पोहोचतो तो न पचलेला चोथा, आणि तेथील जीवाणू तो आंबवून जी लहान मेदाम्ले तयार करतात त्यांपैकी ब्युटिरेट हे या पेशीचे खरे इंधन असते. १९८० मध्ये रोडिगर यांनी माणसाच्या आतड्यातून सुट्या केलेल्या पेशींवर मोजमाप करून दाखवले की त्या जेवढा प्राणवायू वापरतात, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक ब्युटिरेट जाळण्यात खर्च होतो. याच अस्तरातून कर्करोगाची गाठ उद्भवते तेव्हा तिच्या पेशी ब्युटिरेट बाजूला सारून ग्लुकोज ओढू लागतात. साखर फोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) आणि या कर्करोगाचा संबंध समजून घेताना हा पालट आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण ‘कर्करोगाला साखर लागते’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या वाक्यात तो कुठेच येत नाही.

संशोधनाची सुरुवात मात्र आतड्यापासून झाली नाही. बर्लिनमधील डालेम येथील कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या गाठींचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप घेतले, ते क्षारद्रावणात काचपात्रात ठेवले आणि पात्राला दाबमापक नळी जोडली. काप प्राणवायू वापरू लागले की नळीतील दाब उतरे. त्यांच्यातून लॅक्टिक आम्ल बाहेर पडले की द्रावणातील बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटून दाब चढे. या चढउतारावरून त्यांनी ताडले की भरपूर प्राणवायू उपलब्ध असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्लच करतात. हे काचपात्रातच घडते की जिवंत शरीरातही, ही शंका कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२५ मध्ये फेडली. कोंबडीच्या एका पंखात गाठ वाढवून त्यांनी दोन्ही पंखांतून परतणारे रक्त तपासले, तेव्हा गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त आढळले.

निरीक्षण पक्के होते. त्याचा अर्थ मात्र वारबुर्ग यांनी चुकीचा लावला. पेशीची श्वसनयंत्रणा कायमची बिघडते आणि त्यातूनच कर्करोग जन्म घेतो, हे मत त्यांनी १९५६ मधील प्रसिद्ध लेखात ठामपणे मांडले आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. वास्तविक बहुतेक गाठींतील तंतुकणिका, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणारे भाग, श्वसन करू शकतात, हे सिडनी वाइनहाउस यांच्यासारखे टीकाकार त्याच काळात सांगत होते. पुढे जनुकांचे युग आले आणि साखरेचा विषय दोन दशके जवळजवळ अडगळीत पडला. १९७२ मध्ये एफ्रैम रॅकर यांनी या आविष्काराला ‘वारबुर्ग परिणाम’ असे नाव दिले, तेव्हा त्याकडे लक्ष देणारे थोडेच होते.

रुग्णालयात मात्र हे निरीक्षण दुसऱ्याच दाराने शिरले. ग्लुकोज पेशीत येताच हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि मग ते रेणू बाहेर पडू शकत नाहीत. ग्लुकोजच्या रेणूत किंचित फेरफार करून त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडले, तर हेक्सोकायनेज त्यालाही फॉस्फेट जोडते, पण पुढची विकरे त्याला हाताळू शकत नाहीत, म्हणून तो पेशीतच अडकून राहतो आणि कॅमेऱ्याला दिसतो. १९७६ मध्ये हा पदार्थ प्रथम माणसाला देण्यात आला आणि आज पेट स्कॅन म्हणून ओळखली जाणारी तपासणी त्यातून उभी राहिली. आतड्याच्या कर्करोगाने यकृतात धाडलेल्या गाठी या पद्धतीने दिसतात, हे १९८२ मध्येच नोंदवले गेले. एका विकराची हाव हीच खूण ठरली.

साखर फोडणारी विकरे गाठीत वाढतात कशामुळे, याचे उत्तर जनुकांच्याच संशोधनातून आले. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य गाठींची सुरुवात एपीसी या जनुकाच्या बिघाडाने होते. ते जनुक १९९१ मध्ये सापडले. एपीसी निकामी झाले की वाढीचा एक संदेश सतत चालू राहतो, आणि तो संदेश मिक नावाच्या जनुकाला चेतवतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. त्याच्या एक वर्ष आधी ची व्हॅन डँग यांच्या गटाने दाखवले होते की मिक हे थेट लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकराचे उत्पादन वाढवते. साखर फुटून बनणाऱ्या पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे विकर ते हेच. दोन्ही शोध जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. प्राणवायू कमी पडल्यावर साखर फोडणारी विकरे वाढवणाऱ्या प्रथिनावरचे ग्रेग सेमेन्झा यांचे कामही तिथलेच. वारबुर्ग ज्याला कारण समजत होते, ते आता बिघडलेल्या जनुकांचा परिणाम म्हणून दिसू लागले.

या टप्प्यावर एकेका विकराला नायक किंवा खलनायक ठरवण्याची घाई झाली, असे माझे मत आहे, आणि पायरुव्हेट कायनेजची कथा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. साखर फोडण्याच्या साखळीतील या शेवटच्या विकराची एम-१ आणि एम-२ अशी दोन रूपे एकाच जनुकापासून बनतात. एम-२ कमी-अधिक वेगाने चालू शकते. ते मंदावले की वरचे पदार्थ साचतात आणि नव्या पेशीसाठी लागणारा माल तयार करण्याकडे वळतात. २००८ मध्ये लुईस कँटली यांच्या गटाने प्रयोगशाळेतील कर्करोगपेशींत एम-२ च्या जागी एम-१ बसवले, तेव्हा उंदरांत गाठी वाढण्याची त्यांची क्षमता घटली. एम-२ हीच कर्करोगाची किल्ली आहे, असे त्यानंतर अनेक ठिकाणी लिहिले गेले. त्याआधीच जर्मनीत विष्ठेतील एम-२ मोजून आतड्याचा कर्करोग हुडकण्याची चाचणी आली होती. पण आतड्याच्या साध्या दाहातही हे प्रमाण वाढते, त्यामुळे विष्ठेतील अदृश्य रक्त शोधणाऱ्या चाचणीची जागा ती घेऊ शकली नाही. पुढे प्रथिनांची थेट मोजणी झाली तेव्हा कित्येक निरोगी ऊतींतही आधीपासून एम-२ च मुख्य असल्याचे दिसले. २०१७ मध्ये तर एपीसी बिघडवलेल्या उंदरांतून एम-२ काढून टाकले, तरी आतड्यात गाठी झाल्याच. किल्ली हरवली तरी दार उघडतच राहिले.

केरास हे जनुक मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के कर्करोगांत बिघडलेले असते. जीहे युन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की असा बिघाड असलेल्या पेशी ग्लुकोज आत घेणारे ग्लट-१ हे वाहक प्रथिन जास्त बनवतात आणि साखरेच्या दुष्काळात तग धरतात. २०१५ मध्ये त्याच धाग्यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष पुढे आला. क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीभूत रूप याच ग्लट-१ च्या वाटेने आत शिरते; त्याला पूर्ववत करताना पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य संपते आणि त्या ताणाखाली साखळीच्या मध्यावरील जीएपीडीएच हे विकर थांबते. पेशींत आणि उंदरांत हे सुरेख जुळले. त्यानंतर चीनमध्ये इतरत्र पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना नेहमीच्या रसायनोपचाराबरोबर शिरेतून मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सर्व रुग्ण मिळून पाहता आजार आटोक्यात राहण्याचा काळ लक्षणीय वाढला नाही. बिघडलेल्या रास जनुकांच्या (केरास याच कुळातले) उपगटात काही लाभाची चिन्हे होती, एवढेच.

अलीकडे लक्ष ग्लुकोजवरून फ्रुक्टोज या दुसऱ्या साखरेकडे वळले आहे. ग्लुकोजच्या साखळीत फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर पहारेकऱ्यासारखे असते. ऊर्जा पुरेशी झाली की ते वाट अडवते. फ्रुक्टोजला फॉस्फेट जोडणाऱ्या केटोहेक्सोकायनेजला असा लगाम नाही, ते ऊर्जा खर्चीत राहते आणि पहाऱ्याच्या पलीकडे माल पोहोचवते. २०१९ मध्ये एपीसी नसलेल्या उंदरांना दररोज मक्यापासून केलेला फ्रुक्टोजयुक्त पाक माफक मात्रेत पाजला, तेव्हा ते लठ्ठ न होताही त्यांच्या आतड्यांतील गाठी मोठ्या आणि अधिक आक्रमक झाल्या. केटोहेक्सोकायनेज नसलेल्या उंदरांत हा परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये याचा दुसरा दुवा मिळाला. फ्रुक्टोजपासून बनलेला फॉस्फेटयुक्त पदार्थ त्याच एम-२ पायरुव्हेट कायनेजला मंदावतो आणि प्राणवायू कमी असतानाही आतड्याच्या पेशी जगतात. त्याआधी, २०१८ मध्ये, यकृतात जाऊन बसलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशी फ्रुक्टोज फोडणारे अल्डोलेज-बी वाढवतात, असे दिसले होते. म्हणजे एकच कर्करोग मूळ जागी आणि यकृतात वेगवेगळी विकरे वापरतो.

केटोहेक्सोकायनेज औषधशास्त्रज्ञांना आकर्षक वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. हेक्सोकायनेज सर्वत्र रोखले तर मेंदूसकट सारे शरीर उपाशी पडेल. केटोहेक्सोकायनेज जन्मतःच नसलेली माणसे मात्र आहेत, आणि लघवीतून फ्रुक्टोज जाते यापलीकडे त्यांना सहसा काही त्रास होत नाही. या विकराला रोखणारी औषधे यकृतात साचणाऱ्या मेदासाठी माणसांवर तपासली गेली आहेत. आतड्याच्या गाठींबाबतचा पुरावा अजून मुख्यतः उंदरांचा आहे.