लहान पडद्याच्या कंडेन्सर माइकची जोडी

एकाच बनावटीचे, संवेदनशीलता जुळणारे दोन माइक ठरावीक अंतरावर आणि कोनात लावून ध्वनीची डावी-उजवी मांडणी टिपण्याची पद्धत. गायनवृंद, पियानो, तंतुवाद्ये आणि सभागृहातल्या मैफली यांच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी ती सर्रास वापरतात.

अशा माइकचा पडदा (आवाजाने थरथरणारे पातळ पटल) साधारण अर्ध्या इंचाचा असतो, मोठ्या पडद्याच्या माइकचा एक इंचाच्या आसपास. लहान पडदा हलका, त्यामुळे तारेवरचा आघात तो झटकन पकडतो. पण स्टिरिओसाठी त्याचा खरा गुण वेगळाच आहे. जोडीतले माइक एकमेकांपासून फाकवले की मधोमध उभा असलेला गायक कोणत्याच माइकच्या नेमका समोर राहत नाही. 90 अंशांच्या जोडीत तो दोघांनाही 45 अंश तिरका पडतो. मोठ्या पडद्यावर असा तिरका आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, बोथट होऊ शकतो. लहान पडद्यावर त्याचा रंग फारसा बदलत नाही. बदल्यात माइकची स्वतःची सरसर किंचित जास्त असते आणि अगदी हळू आवाज दुरून टिपताना ती जाणवते.

‘एक्सवाय’ मांडणीत दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) माइकची तोंडे जवळजवळ एकावर एक ठेवून 90 अंशांत फाकवतात. दोन्हीकडे आवाज एकाच क्षणी पोहोचतो, फरक पडतो तो फक्त पातळीत. अशा एककेंद्री स्टिरिओचा पाया ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी 1931 मध्ये दाखल केलेल्या पेटंटमध्ये घातला. फ्रेंच नभोवाणीत रुळलेल्या ‘ओआरटीएफ’ मांडणीत माइकमध्ये 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन असतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या माइकपर्यंत जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. माणसाच्या दोन कानांमधला फरकही जवळपास एवढाच, म्हणून हेडफोनवर ही मांडणी फार नैसर्गिक वाटते. पहिल्यांदाच जोडी लावणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. ‘एबी’ मांडणीत बहुधा सर्वदिशी (सगळीकडचा आवाज सारखाच टिपणारे) माइक 40 सेंटिमीटर किंवा त्याहून दूर, समांतर ठेवतात. त्यातला खर्ज भरदार आणि जागेची गाज प्रशस्त, पण दोन्ही वाहिन्या मिसळून मोनो केल्यावर काही स्वर एकमेकांना खोडतात. मोनोत ऐकले जाणार असेल तर एक्सवायच सुरक्षित.

दोन्ही माइकना 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) आणि समान गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) द्यावा. जोडी जुळते का, हे पाहणे सोपे आहे: दोन्ही माइक शेजारी शेजारी धरून एका वाहिनीची ध्रुवता (लहरीचा चढ-उतार) उलटवायची, समोरून बोलायचे आणि बेरीज ऐकायची. आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर जोडी चांगली. पातळ, किनरा अवशेष उरला तर गेन किंवा माइक यांत फरक आहे.

जोडी किती दूर ठेवायची, हे वाद्यांच्या पसाऱ्यावर ठरते. ओआरटीएफचा मुद्रणकोन, म्हणजे समोरचा जेवढा पसारा दोन स्पीकरच्या मधोमध मांडला जातो तो कोन, सुमारे 95 अंशांचा आहे. वृंद त्याबाहेर गेला की कडेचे सगळे गायक एकाच स्पीकरमध्ये दाटतात. मग स्टँड मागे न्यावा लागतो आणि त्यासोबत खोलीची गाजही वाढते. खोली चांगली नसेल तर मागे जाण्यापेक्षा गायकांनाच जवळ जवळ उभे करावे.