मुतखड्याच्या ऑपरेशननंतर कुत्र्याला पाणी कमी द्यायचं? अजिबात नाही!
सांगलीत आमच्या गल्लीत कुणाच्या कुत्र्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं की सल्ला ठरलेला, पाणी कमी पाजा, लघवी जास्त झाली तर आतले टाके उसवतील. साफ चुकीचंय हे. उलट पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळ वाढते नि त्यातनंच परत खडे धरायची भीती, म्हणून डॉक्टर मुद्दाम पाणी वाढवायला सांगतात आणि सारखं बाहेर न्यायला, म्हणजे लघवीची पिशवी तटतटून भरत नाही. आमची राणी नुसत्या पाण्याला तोंडच लावायची नाही मग जेवणातच कालवून द्यायचो (चिकनचं पाणी चालतं पण मीठ, कांदा, लसूण नको हां). पहिले काही दिवस लघवी गुलाबीसर दिसते, थोडी थोडी सारखी होते, त्याला घाबरू नका. पण जोर लावतोय आणि थेंबही पडत नाही, पोट फुगलंय, उलट्या होतायत, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढा, मार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं. आणि ते चाटलं की जखम भरते वगैरे पण सोडा, चाटून टाके निघतात. गळ्यातली कॉलर (ती शंकूसारखी, तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी) टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस राहूदे, कितीही केविलवाणं बघितलं तरी.