दीर्घतरंग हौशी रेडिओ प्रयोग (नागपूर परिसर)

परवानाधारक हौशी चालकांनी (हॅम) ५०० किलोहर्ट्‌झखालील कंप्रतांवर घरगुती साधनांनी केलेले प्रक्षेपणाचे व ग्रहणाचे प्रयोग. यांत प्रामुख्याने दोन अरुंद पट्टे येतात : १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्‌झ (२२०० मीटर) आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्‌झ (६३० मीटर). काटेकोर वर्गीकरणात दुसरा पट्टा मध्यम कंप्रतेत, म्हणजे ३०० ते ३००० किलोहर्ट्‌झमध्ये, मोडतो. तथापि अँटेना, जमीन आणि गोंगाट यांचे प्रश्न दोन्हीकडे एकाच जातीचे असल्याने हौशी चालक ते एकत्रच धरतात; येथेही तसेच केले आहे. ३० किलोहर्ट्‌झखालील ग्रहणाचा विचार नोंदीच्या अखेरीस आहे.

उगमाविषयीची मते

या छंदाची सुरुवात केव्हा झाली, याबाबत तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हे पुनरागमन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी मंडळी लांब तरंगांवरच काम करीत. अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याखालील तरंगांकडे ढकलले आणि त्यातूनच लघुतरंगांचे महत्त्व उघडकीस आले. दुसरे मत ब्रिटनमध्ये १९९६ साली हौशींना ७३ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा प्रयोगासाठी मिळाला, तेथून आरंभ मोजते. १९९७ मध्ये युरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १३६ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्याची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी तो ब्रिटनमध्ये खुला झाला. ७३ किलोहर्ट्‌झची परवानगी २००३ मध्ये संपली. तिसरे मत अमेरिकेतील विनापरवाना १६० ते १९० किलोहर्ट्‌झ पट्ट्याला अग्रमान देते. तेथे अंतिम टप्प्याला १ वॅट आदानशक्ती आणि जोडतारेसह १५ मीटर अँटेना एवढीच मुभा असते.

पहिले मत आकर्षक असले, तरी त्याचा आधार दुबळा वाटतो. ठिणगी-प्रेषकाच्या काळातले हौशी काही शे मीटरांच्या तरंगांवर होते, आणि त्यांच्या तंत्राचा धागा पुढे अखंड आला असे दिसत नाही. आखूड अँटेना, भली मोठी कॉइल आणि वॅटच्या अंशात मोजावी लागणारी प्रक्षेपित शक्ती ही आजच्या प्रयोगांची खूण अमेरिकन विनापरवाना पट्ट्यात आधी दिसते. संगणकाच्या पडद्यावर वर्णपट पाहून अतिसंथ मोर्स वाचण्याची रीत मात्र बहुधा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या युरोपची. २००१ मध्ये १३६ किलोहर्ट्‌झवर अटलांटिकपार दुहेरी संपर्क साधला गेला, तो याच रीतीमुळे.

भारतातील पहिले हौशी चालक म्हणून सामान्यतः अमरेंद्र चंद्र गुप्तू (१९२१, संकेतनाम २जेके) यांचे नाव घेतले जाते; त्यांच्या पाठोपाठ मुकुल बोस येतात. दीर्घतरंगांशी या इतिहासाचा थेट संबंध नाही.

पट्टे आणि मर्यादा

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जागतिक रेडिओ परिषदांनी हौशी सेवेला २००७ मध्ये २२०० मीटरचा आणि २०१२ मध्ये ६३० मीटरचा पट्टा दुय्यम हक्काने दिला. प्रक्षेपित शक्तीची मर्यादा १ वॅट आहे आणि ती समदिक्‌ (सर्व दिशांना सारखीच शक्ती फेकणाऱ्या कल्पित) अँटेनाच्या तुलनेत मोजायची आहे. ६३० मीटरबाबत एक तळटीप नागपूरच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. चीन, रशिया, इराण, ओमान आदी ठरावीक देशांच्या सीमांपासून ८०० किलोमीटरहून दूर असलेल्या प्रदेशात त्या प्रदेशाचे स्वतःचे प्रशासन ही मर्यादा ५ वॅटपर्यंत नेऊ शकते. नागपूरपासून सर्वांत जवळची चिनी सीमा नेपाळपलीकडे सुमारे हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे भूगोलाच्या बाजूने शहर सवलतीच्या वर्तुळात बसते. ही मुभा प्रशासनाला आहे, चालकाला नाही. भारतात १९७८ च्या हौशी सेवा नियमांखालील परवाना आणि राष्ट्रीय कंप्रता वाटप योजना या दोन्हींची चौकट पाळावी लागते. ४७२ किलोहर्ट्‌झचा पट्टा हौशींना मिळू शकला, यामागे ५०० किलोहर्ट्‌झवरील सागरी मोर्स आपत्संदेश १९९९ पर्यंत जवळपास सर्वत्र निवृत्त झाले, हे एक कारण मानले जाते.

अँटेना व जमीन

१३७ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे २१९० मीटर असते. पाव तरंगलांबीचा उभा मनोरा साडेपाचशे मीटरांचा होईल. दुमजली घराच्या गच्चीवरून मिळते ती दहाएक मीटर उंची. अशा आखूड तारेचा प्रक्षेपण-रोध (शक्तीचा किती भाग तरंगरूपाने बाहेर पडतो ते ठरवणारा रोध) उंची व तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो आणि सगळा खेळ तेथेच ठरतो.

उदाहरणादाखल १० मीटर उभी तार आणि तिच्या माथ्यावर २० मीटर आडवी तार घ्यावी. धारिता अंदाजे १६० पिकोफॅरड येते. १३७ किलोहर्ट्‌झवर तिचा प्रतिरोध (रिअॅक्टन्स) सुमारे ७३०० ओहम होतो आणि तो खोडून काढण्यासाठी ८.४ मिलिहेन्रीची कॉइल लागते. तारेची प्रभावी उंची ८ मीटर धरल्यास प्रक्षेपण-रोध ०.०२ ओहम. कॉइल, जमीन व परिसर यांचा एकत्रित व्यय-रोध १०० ओहम मानला, तर १०० वॅट दिल्यावर तारेत १ अँपिअर वाहतो आणि आकाशात जातात जेमतेम २० मिलिवॅट. समदिक्‌ तुलनेत ६० मिलिवॅट. बाकी सारी शक्ती उष्णता होते. त्याच वेळी कॉइलच्या वरच्या टोकाला सात हजार व्होल्टहून अधिक दाब असतो, त्यामुळे माळ्यावरच्या लाकडाला किंवा ओल्या दोरीला तार टेकलेली चालत नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादेचा पूर्ण १ वॅट गाठायचा तर याच तारेला दीड किलोवॅटहून जास्त द्यावे लागतील.

४७५ किलोहर्ट्‌झवर चित्र पालटते. त्याच तारेचा प्रक्षेपण-रोध बारापट, म्हणजे पाव ओहम होतो, कॉइल ०.७ मिलिहेन्रीवर येते, आणि व्यय-रोध ५० ओहम धरला तरी साठ-सत्तर वॅटमध्ये १ वॅटची मर्यादा गाठली जाते. मर्यादित साधनांच्या चालकाने ६३० मीटरपासून सुरुवात करावी असे म्हटले जाते, ते याच गणिताच्या जोरावर.

व्यय-रोधात जमिनीचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. नागपूर दख्खनच्या लाव्हाथरांच्या पूर्व कडेवर वसले आहे. पश्चिमेकडे, सीताबर्डीची टेकडी व सेमिनरी हिल्स धरून, बेसाल्ट आणि त्यावर काळी माती. पूर्वेकडे नाइससारखे स्फटिकी खडक. उत्तरेला कामठीच्या बाजूने गोंडवनी वालुकाश्म आणि कन्हान नदीचा गाळ. ओली काळी माती उत्तम वाहक असते. तिची रोधकता १० ओहम-मीटर मानल्यास १३७ किलोहर्ट्‌झचा प्रवाह सुमारे ४ मीटर खोल शिरतो. मुरमाला १०० ओहम-मीटर धरल्यास ही खोली १३ ते १४ मीटर भरते. काळ्या मातीचा थर बहुतेक ठिकाणी एवढा जाड नसल्याने खालचा मुरूम व खडक हिशोबात येतातच. मे महिन्यात हीच माती भेगाळते आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या लोखंडी गजाभोवतीचा संपर्क सुटतो. म्हणून वीजजोडणीच्या अर्थिंगसाठी करतात तसा मीठ-कोळशाचा खड्डा करून त्यात पाणी सोडत राहणे, किंवा जुन्या बोअरवेलच्या लोखंडी केसिंग पाइपला जोड देणे, हे उपाय सांगितले जातात. नव्या बोअरवेलना पीव्हीसी केसिंग असते, ते यासाठी निरुपयोगी.

दुसरा पक्ष जमिनीपेक्षा परिसराला दोष देतो. काही गज पुरल्यानंतर आणखी गज पुरून फारसा फरक पडत नाही, हे युरोपातील मोजमापांतून वारंवार दिसले आहे. तारेच्या विद्युत्‌क्षेत्रात उभी असलेली झाडे, भिंती आणि छपरे शक्ती खातात. गच्चीतील लोखंडी सळ्या आणि अंगणातला कडुनिंब यांच्यामध्ये तार ताणणाऱ्या शहरी चालकाला हेच मत जवळचे वाटण्यासारखे आहे. मोकळ्या शेतात प्रयोग करणाऱ्याच्या बाबतीत मात्र जमिनीचा वाटा दुर्लक्षिता येणार नाही.

कॉइलसाठी प्लॅस्टिकची बादली किंवा रुंद पीव्हीसी पाइप आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळणारी एनॅमल तार पुरते. कूलरचे शहर असल्याने नागपुरात अशा दुकानांना तोटा नाही. कॉइलच्या आत फिरणारी दुसरी छोटी कॉइल बसवली की सूक्ष्म मेळ साधता येतो, आणि तो पावसाच्या प्रत्येक सरीनंतर पुन्हा साधावा लागतो. परदेशी प्रयोगांत पतंगाने तार उंच नेण्याची रीत आहे. संक्रांतीला नागपूरचे आकाश पतंगांनी भरलेले असते, तरी तांब्याच्या तारेचा पतंग आणि रस्त्यावरची वीजवाहिनी यांची गाठ प्राणघातक असल्याने वस्तीत ही रीत त्याज्य होय.

बलाढ्य शेजारी

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याचे मध्यमतरंग प्रक्षेपण ५८५ किलोहर्ट्‌झवर ३०० किलोवॅटचे. १९८८ मध्ये राष्ट्रीय वाहिनीसाठी १५६६ किलोहर्ट्‌झवर १००० किलोवॅटचा प्रेषक आला. हौशी ग्राहकाच्या पहिल्या टप्प्यावर असे दोन प्रबळ संकेत एकत्र पडले, तर अरेषीयतेमुळे (ग्राहकाचा प्रतिसाद संकेताच्या प्रमाणात न राहिल्याने) नवे संकेत जन्मतात. ५८५ ची दुप्पट ११७०. ती १५६६ मधून वजा करता ३९६ किलोहर्ट्‌झ उरतात. हे दोन्ही हौशी पट्ट्यांबाहेर पडते, हे नशीबच. तथापि ५८५ आणि ४७९ यांत जेमतेम १०६ किलोहर्ट्‌झचे अंतर असल्याने त्या केंद्राच्या प्रक्षेपणकाळात तीव्र उताराच्या गाळणीशिवाय संगणकाला जोडायचे स्वस्त सॉफ्टवेअर-रेडिओ डोंगल बधिर होते. सक्रिय (प्रवर्धक जोडलेल्या) छोट्या अँटेनापेक्षा लाकडी चौकटीवर गुंडाळलेला, धारित्राने जुळवलेला तारेचा लूप येथे श्रेयस्कर. तो फिरवून एखाद्या केंद्राच्या दिशेने येणारा संकेत दाबताही येतो.

गोंगाट व ऋतू

एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांचा त्रास सर्वच शहरांत आहे. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांमुळे नागपूरभोवती अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचे जाळे दाट झाले आहे. अशा वाहिन्यांवरूनच वीज कंपन्यांचे वाहक-संदेश साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्‌झमध्ये धावत असतात, त्यामुळे ऐकू आलेली स्थिर शिट्टी दूरच्या केंद्राची असेलच असे नाही. वळवाच्या वादळांपासून मान्सून परतेपर्यंत विजांचा कडकडाट दोन्ही पट्टे व्यापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम, त्यातही रात्र : दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा थर ४७५ किलोहर्ट्‌झ मोठ्या प्रमाणात शोषून घेतो.

संकेतपद्धती

बोलणे येथे जवळपास नाहीच. संथ मोर्समध्ये एक टिंब ३ सेकंदांपासून मिनिटापर्यंत लांबवतात. २००८ मध्ये नोबेल-विजेते भौतिकीविज्ञ जोसेफ टेलर यांनी आणलेली डब्ल्यूएसपीआर पद्धत ५० बिटांचा संदेश सुमारे ११० सेकंदांत, ६ हर्ट्‌झ रुंदीत पाठवते. स्फटिकाची कंप्रता दहा लाखांत दहा भागांनी ढळली, तरी १३७ किलोहर्ट्‌झवर फरक दीड हर्ट्‌झच्या आत राहतो. लघुतरंगांवर छळणारा हा प्रश्न येथे किरकोळ होतो.

३० किलोहर्ट्‌झखाली

परवाना नसलेल्या विद्यार्थ्यांचा वावर मुख्यतः या क्षेत्रात असतो. १९२ किलोहर्ट्‌झ दराने नमुने घेणारे साउंड कार्ड आणि मोठा लूप यांवर ९६ किलोहर्ट्‌झपर्यंतचे सर्व काही थेट नोंदवता येते. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळचे भारतीय नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन प्रक्षेपण केंद्र (१८.२ किलोहर्ट्‌झ) नागपूरपासून सुमारे १४०० किलोमीटरवर आहे. सौरज्वाला उसळली की या संकेताची पातळी काही मिनिटांत बदलते आणि तासाभरात सावकाश पूर्ववत होते. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतीय संशोधकांनी याच संकेताचा अभ्यास केला होता. तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडम येथे नौदलाच्या दुसऱ्या अशा केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नागपूरपासून ते साडेचारशे किलोमीटरांच्या आत येईल. तेथून जमिनीलगतची लहर इतकी प्रबळ पोहोचेल, की आयनांबराच्या निरीक्षणासाठी दूरचे तिरुनेलवेलीच अधिक सोयीचे राहण्याचा संभव आहे.