टूलवर्णन (एआय एजंटसाठी)

टूलवर्णन म्हणजे क्लाउडवरील सेवा वापरणाऱ्या एआय एजंटला (भाषिक मॉडेलच्या आधारे स्वतः कामे करणाऱ्या प्रोग्रामला) एखादे टूल (त्याला वापरायला दिलेले साधन) काय करते, केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे सांगणारा मजकूर. टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन-स्कीमा (कोणती मूल्ये कोणत्या प्रकारात द्यायची याचा आराखडा) एवढेच सामान्यतः मॉडेलपुढे येते. टूलमागचा कोड त्याला दिसत नाही, त्यामुळे कोणते टूल निवडायचे आणि त्यात कोणती मूल्ये भरायची हे या मजकुरावरच ठरते.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिची मुळे वेब-सेवांच्या वर्णनभाषांत आहेत. त्यांपैकी डब्ल्यूएसडीएल १.१ चे टिपण २००१ मध्ये डब्ल्यू३सी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केले. २०११ च्या सुमारास स्वॅगर हा वेब-सेवांच्या वर्णनाचा साचा आला आणि पुढे तो ओपनएपीआय या नावाने रूढ झाला. दोन्हींत वर्णनाला जागा होती. पण वाचणारा प्रोग्रामर होता आणि ती जागा कोरी राहिली तरी सेवा चालत असे. दुसरे मत भाषिक मॉडेलांवरील संशोधनाला अग्रमान देते. ऑक्टोबर २०२२ च्या रिअ‍ॅक्ट या शोधनिबंधात मॉडेल विचार आणि कृती आलटून-पालटून करते, परंतु कृती शिकते ती नमुना उदाहरणांवरून. फेब्रुवारी २०२३ च्या टूलफॉर्मरमध्ये टूलचा वापर प्रशिक्षणातच मुरवलेला आहे. त्यामुळे या दोन्ही कामांना पूर्वतयारी म्हणता येते. वर्णनलेखनाचा आरंभ म्हणणे कठीण. त्याच सुमारास लँगचेन या एजंट बांधण्याच्या सॉफ्टवेअर-संचात निव्वळ वर्णन वाचून टूल निवडणारा एजंट उपलब्ध झाला. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या प्लगइनांसाठी (त्याला जोडायच्या बाहेरच्या सेवांसाठी) माणसाकरिता एक आणि मॉडेलकरिता एक अशी दोन स्वतंत्र वर्णने मागितली जाऊ लागली. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन-कॉलिंग (मॉडेलने टूल व त्याची मूल्ये निवडण्याची सोय) खुले केले आणि पुष्कळ लेखक तेथूनच इतिहास सुरू करतात. २०२२ ची अखेर ते २०२३ चा मध्य असा काळ धरणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण वाचक बदलल्याचा ठळक पुरावा प्लगइनांच्या त्या दोन रकान्यांतच मिळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने (एमसीपी, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याचे मानक) हा साचा निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवांसाठी समान केला.

स्वरूप : क्लाउड सेवांत वर्णनाचा कस लागतो तो परिणाम सांगताना. ॲमेझॉनच्या एस३ साठवणीतून ऑब्जेक्ट (साठवलेली फाइल) हटवण्याचे टूल घ्यावे. ‘ऑब्जेक्ट हटवते’ एवढेच लिहिले तर ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बकेटवर (फाइली ठेवण्याच्या कप्प्यावर) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती राखण्याची सोय, सुरू असून व्हर्जन-आयडी (विशिष्ट प्रतीचा क्रमांक) दिला नसेल, तर केवळ डिलीट-मार्कर, म्हणजे हटवल्याची खूण, लागतो आणि आधीची प्रत परत मिळवता येते. आयडी दिला तर ती प्रत कायमची जाते. हा फरक वर्णनात हवाच. यादी देणाऱ्या टूलचेही तसेच. एस३ एका वेळी जास्तीत जास्त १,००० नावे देते. पुढची पाने आधीच्या उत्तरातले टोकन (पुढच्या पानाची खूण) देऊन मागावी लागतात, हे सांगितले नाही तर पहिल्या पानालाच मॉडेल संपूर्ण यादी समजते. व्हर्च्युअल मशिनांची (क्लाउडवरील आभासी संगणकांची) यादी रीजनपुरती, म्हणजे क्लाउडच्या एका भौगोलिक विभागापुरती, असते. मुंबई रीजनमध्ये रिकामे उत्तर आले म्हणून हैदराबादमध्येही काही नाही, असे ठरत नाही. वेळ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असते. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) रात्रपाळीचा तपासणी-अहवाल ५ तारखेला पहाटे तीनला चढवला, तर साठवणीत त्याची वेळ ४ तारखेचे २१:३० अशी दिसते. ‘कालचे अहवाल आण’ ही आज्ञा इथेच फसते.

सीमाभागातील प्रश्न : बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी नोंदी शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे येथील टूलवर्णनात नावांची शिस्त विशेष लागते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. त्याआधीच्या इंग्रजी नोंदींत ते बेलगाम आहे आणि मराठी माणूस विचारताना बेळगावच म्हणतो. शोधाच्या टूलने तिन्ही रूपे स्वीकारावीत, निदान कोणत्या लिपीत व कोणत्या रूपात मूल्य द्यायचे हे तरी स्पष्ट लिहावे.

याहून अवघड प्रसंग जमिनीच्या कागदांचा. समजा, एका एजंटला दोन टूल दिली आहेत. एक कर्नाटकातील पहाणी, म्हणजेच आरटीसी (सातबारासारखा तेथील जमिनीचा कागद) शोधते. दुसरे महाराष्ट्रातील सातबारा. दोन्हींचे वर्णन ‘जमिनीचा उतारा शोधते’ असेच आहे. शेतकरी विचारतो, “खानापूरचा उतारा काढून दे.” खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तसाच सांगली जिल्ह्यातही आहे. उतारा हा शब्द दोन्हीकडे चालतो, आणि प्रश्न मराठीत आल्याने मॉडेल महाराष्ट्राकडे झुकण्याचा संभव अधिक. पहिल्या टूलचे वर्णन असे हवे : ‘केवळ कर्नाटकातील जमिनीची पहाणी शोधते. वापरणाऱ्याची भाषा मराठी असली तरी राज्य गृहीत धरू नये. जिल्हा कळला नसेल तर आधी विचारावा. महाराष्ट्रातील सातबारासाठी दुसरे टूल वापरावे.’ स्कीमात जिल्हा सक्तीचा करून त्याची मूल्ये ठरावीक ठेवली, तर चुकीला आणखी आळा घालता येतो. दुसऱ्या टूलच्या वर्णनातही हीच मर्यादा उलट बाजूने लिहावी लागते. एकाच बाजूला कुंपण घालून भागत नाही.

लांबी : अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये सुचवली आहेत. ओपनएआयच्या मार्गदर्शनात एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन ठेवण्याची शिफारस आहे. वर्णने सामान्यतः दर विनंतीसोबत मॉडेलकडे जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर मोजते ते तुकडे) खातात, म्हणून काही जण ती एका ओळीत आटोपतात. टूल कमी करून उरलेल्यांची वर्णने सविस्तर ठेवणे हा मार्ग अधिक खात्रीचा मानावा.

सुरक्षितता : मॉडेल वर्णनाला सूचनेसारखे वाचते. त्यामुळे टूल पुरवणाऱ्या परक्या सर्व्हरच्या वर्णनात छुपी आज्ञा पेरता येते. हा प्रकार २०२५ मध्ये टूल पॉइझनिंग या नावाने चर्चेत आला. त्याच वर्षी मार्चमध्ये एमसीपीत ‘केवळ वाचन’, ‘विध्वंसक’ अशा खुणांची सोय झाली. पण त्या निव्वळ इशारे असून अविश्वासू सर्व्हरकडून आल्यास त्यांवर विसंबू नये, असे मानकातच म्हटले आहे. हटवण्याची परवानगी खरोखर रोखायची असेल तर ती क्लाउड खात्याच्या आयएएम (कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या) नियमांतच काढून घ्यावी लागते.