नैरोबीत लॅपटॉपवाले येण्याआधी

नैरोबीतल्या किलिमानी किंवा वेस्टलँड्स भागातल्या कॅफेत आज लॅपटॉप उघडून बसलेली परदेशी मंडळी सहज दिसतात. पगार लंडन-बर्लिनचा, भाडं नैरोबीचं. २०२४ मध्ये केनियाने अशा 'डिजिटल नोमॅड' म्हणजे देशोदेशी फिरत ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी 'क्लास एन' हा खास परवाना आणला आणि सगळं त्यातूनच सुरू झालं, असं बोललं जाऊ लागलं. प्रत्यक्षात परवाना सगळ्यांत शेवटी आला.

हे शहर मुळात रेल्वेचं. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग टाकताना इंग्रजांनी १८९९ मध्ये इथे डेपो थाटला. त्या कामासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते आणि १९२० पर्यंत त्या मुलखात रुपयाच चालत होता. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, पण उंची सुमारे १,७०० मीटर. त्यामुळे हवा बारमाही सुखाची. १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय इथे आणायचं ठरलं. त्यापाठोपाठ परदेशी अधिकारी, सल्लागार, मदत संस्थांची माणसं येत राहिली. फर्निचरसकट भाड्याने मिळणाऱ्या फ्लॅटची सवय नैरोबीला तेव्हापासूनची.

अडत होतं ते इंटरनेटपाशी. २००९ पर्यंत केनियाच्या किनाऱ्याला समुद्राखालून आलेली एकही फायबर केबल नव्हती, सारी भिस्त उपग्रहावर. तो महाग आणि संथ. व्हिडिओ कॉलचं नावच नको. 'ईझी' नावाची सामाईक केबल टाकायचं अनेक देशांचं ठरलं होतं, पण तिचा कारभार कोणी हाकायचा यावरच घोडं अडलं. केनियाने वाट पाहणं सोडलं आणि खासगी कंपन्यांना सोबत घेऊन संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून थेट मोंबासाला स्वतःची 'टीम्स' केबल आणली. ती जून २००९ मध्ये किनाऱ्याला लागली. पुढच्याच महिन्यात 'सीकॉम' सुरू झाली. तिचा एक फाटा आपल्या मुंबईत येतो. रखडलेली 'ईझी' २०१० मध्ये आली. माझ्या मते नैरोबीच्या या कहाणीतला कळीचा निर्णय हाच, आणि तो घेताना लॅपटॉपवाले पाहुणे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पैशाचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने 'एम-पेसा' ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली, तीही साध्या बटणांच्या फोनवर. आज घरातली वीज संपत आली की फोनवरून पैसे भरायचे, एसएमएसने २० आकडी टोकन येतं, ते मीटरच्या कीपॅडवर दाबायचं. भाजीवाली आणि बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवालाही पैसे तसेच घेतो. नवख्या माणसाला स्थानिक बँकेत खातं नसलं तरी चालतं, ते यामुळे.

२००७च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, तेव्हा स्थानिक प्रोग्रामर आणि ब्लॉगर मंडळींनी लोकांकडून मिळालेल्या बातम्या नकाशावर टिपणारी 'उशाहिदी' ही प्रणाली उभी केली. त्याच गोतावळ्यातून २०१० मध्ये न्गोंग रोडवर 'आयहब' निघालं. एकत्र बसून काम करायच्या जागांची चाल तिथून रुजली.

घड्याळही सोयीचं. लंडनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ, तेव्हा इथे दुपारचे बारा. भारत अडीच तास पुढे.

पण याच शहरात दुसरंही दूरस्थ काम चालतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयसाठी हिंसक, किळसवाणा मजकूर वाचून त्याची वर्गवारी करणाऱ्या केनियन कामगारांच्या हाती ताशी दोन डॉलरहूनही कमी पडत होते, हे 'टाइम'ने जानेवारी २०२३ मध्ये छापलं. केबल तीच, काम परदेशाचंच, फक्त पगार नैरोबीचा. या कामगारांबद्दल नोमॅडांच्या गप्पांत चकार शब्द नसतो.

२०२४ साल तर मासलेवाईक. मे महिन्यात ईझी आणि सीकॉम या दोन्ही केबल एकदम तुटल्या आणि पूर्व आफ्रिकेचं इंटरनेट रांगू लागलं. २५ जूनला करवाढीविरोधात तरुण रस्त्यावर उतरले, संसदेत घुसले. त्या दिवशीही देशभर इंटरनेट कोलमडलं. आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी क्लास एनची घोषणा केली. अट अशी की कमाई केनियाबाहेरूनच यायला हवी. इथली नोकरी धरता येणार नाही.