दोन सव्वांची बेरीज करू नका

'सव्वा मोरोझोवने शाल्यापिनला पुढे आणलं' हे वाक्य (शाल्यापिन म्हणजे रशियाचा गाजलेला ऑपेरा गायक) परत दिसलं की डोकं सटकतं माझं. नाही हो, तो सव्वा मामोंतोव! दोघेही सव्वा, दोघेही 'मो-मा' वाले, दोघेही मॉस्कोचे गडगंज कारखानदार, त्यात दोघांनाही नाटकाचं वेड, मग होते सरमिसळ.

मोरोझोव बहुतेकांना माहीत असतो, लेखक गॉर्कीचा दोस्त, बोल्शेविकांना पैसे देणारा, 1905 ला फ्रान्सच्या कान शहरात गोळी लागून गेला (आत्महत्या की खून, वाद अजून चालूच). ओरेखोवो-झुयेवोच्या कापडगिरण्या त्याच्या घराण्याच्या. मामोंतोव रेल्वेवाला, वीसेक वर्षांनी मोठा. एवढं पुरे.

खरी गल्लत होते ती 'थिएटरला पैसे दिले' या तीन शब्दांत. मामोंतोवची 1885 ची प्रायव्हेट ऑपेरा ही त्याची स्वतःची कंपनी, तालमीला तो स्वतः बसायचा. शाल्यापिन झार इव्हान द टेरिबलची भूमिका बसवत होता तेव्हा हा म्हणाला, कावेबाज आणि ढोंगी माणूस जमलाय तुला, पण तो भयंकर झार कुठंय? आणि तिथून ती भूमिका फिरली. आता हा नुसता देणगीदार का? स्वतः गाणं शिकलेला, मूर्ती घडवणारा माणूस आहे तो.

मोरोझोवचं उलट. मॉस्को आर्ट थिएटर स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दानचेन्को या दोन दिग्दर्शकांचं, हा सगळ्यात मोठा भागीदार. पण नुसता चेक फाडून मोकळा झाला असंही समजू नका, 1902 ला मॉस्कोच्या कामेर्गेर्स्की गल्लीतली थिएटरची इमारत नव्याने बांधताना हा कोट्यधीश साइटवरच एका खोलीत धूळ खात राहिला आणि स्टेजच्या दिव्यांवर लावायला रंगीत वॉर्निश घरी स्वतः बनवत बसायचा. म्हणजे एकाचा कान गाण्यात, दुसऱ्याचे हात वायरिंगमध्ये. मला विचाराल तर मामोंतोव जास्त आवडतो, पण वायरिंगवाल्याला कमी लेखणारे अजिबात आवडत नाहीत.

आणि 'मामोंतोव ऑपेराच्या नादात बुडाला' हेही बंद करा प्लीज. 1899 ला अटक झाली ती रेल्वेचे पैसे नेव्हस्की या जहाज-यंत्रांच्या कारखान्यात वळवले म्हणून, 1900 ला ज्युरीने निर्दोष सोडलं, पण तोवर धंदा हातचा गेला होता.

फ्रेंच चित्रकार मातीसची चित्रं घेणारा मोरोझोव? तो तिसराच, इव्हान, सव्वाचा भाऊबंद.